तर्रीच्या तळाशी

इसवी सन पूर्व 425. ग्रीसच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर पायलॉसच्या बंदरासमोर स्फॅक्टेरिया नावाचं एक लांबट, ओसाड बेट. त्यावर स्पार्टाचे चारशेहून अधिक सैनिक अडकलेत आणि अथेन्सची जहाजं बेटाभोवती रात्रंदिवस घिरट्या घालताहेत. या सैनिकांना खायला पोचवायचं कसं? स्पार्टाने जाहीर केलं, जो गुलाम बेटावर अन्न नेईल तो गुलामीतून सुटला. मग पट्टीचे पोहणारे पाण्याखालून निघाले. प्रत्येकाच्या मागे दोरीने बांधलेली कातडी पिशवी. त्या पिशव्यांत काय होतं, तेही थ्युसिडिडीस या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. मधात कालवलेली खसखस आणि कुटलेलं जवस.

खसखस आणि जवस! नागपूरकराला ही यादी वाचून दाखवली तर तो शांतपणे विचारेल, ‘बरं, मग मटण कुठाय?’ कारण सावजी रस्सा शिजवणाऱ्या घरांत या दोन्ही बियांना पिढ्यान्‌पिढ्या मानाची जागा आहे. स्पार्टाने नागपूरला काही शिकवलं नाही, नागपूरनेही तिकडून काही मागवलं नाही. मुठीत मावणाऱ्या बियांमध्ये दिवसभर पुरेल एवढी ताकद असते, हे दोन्हीकडच्या कष्टकऱ्यांनी आपापलं शोधलं. तेव्हाच्या ग्रीसमध्ये मिरचीचा तर पत्ताच नव्हता. गंमत म्हणजे, तेव्हाच्या नागपूर परिसरातही नव्हता.

ग्रीसला जाणारा खवय्या प्रवासी कशाकशाची चौकशी करतो! ऑलिव्ह तेल कुठल्या बागेतलं, चीज शेळीचं की मेंढीचं, पाव कुठल्या भट्टीतला. तोच प्रवासी नागपूरच्या स्टेशनावर उतरला की त्याचा प्रश्न एकच असतो, ‘सावजी खूप तिखट असतं का हो?’ असतं. पण त्या ताटातलं तिखट ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे. खरं आश्चर्य तिखटाच्या खाली आहे.

आधी ताट कुणाचं ते बघू. सावजी हे हलबा कोष्टी समाजाचं, म्हणजे विणकरांचं जेवण. गोंड राजा बख्त बुलंद शाहाने 1702 मध्ये नागपूर वसवलं, पुढे भोसल्यांची राजधानी इथे आली आणि दरबाराला लागणाऱ्या पागोट्यांपासून लुगड्यांपर्यंत सगळं विणणारे माग शहरात खडखडू लागले. 1 जानेवारी 1877 या दिवशी, व्हिक्टोरिया राणी ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ झाली त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. गिरणीचं कापड आलं आणि हातमागाला उतरती कळा लागली. माग थंडावले, तशा चुली पेटल्या असं जुनी माणसं सांगतात. घरातलंच जेवण घरच्याच ओसरीवर विकायला सुरुवात झाली. आज नागपुरातल्या गल्लीगल्लीत ‘सावजी भोजनालय’ अशी पाटी दिसते. इतवारी, गोळीबार चौक, महाल या भागांत तर जास्तच. ओसरी गेली, पाटी विजेची झाली, पण रस्सा दिवसभर मागावर बसलेल्या माणसाच्या भुकेच्या मापाचाच राहिला.

त्या रश्शाचा पाया जवसाचं तेल. आता बऱ्याच ठिकाणी दुसरी तेलं आली, पण जुन्या विदर्भाच्या स्वयंपाकघरात जवस घरचंच. काळ्या मातीत पावसाळ्यानंतर जी ओल उरते तेवढ्यावर हे रब्बीचं पीक निघतं, वर निळ्या फुलांनी शेत भरून टाकतं ते वेगळंच. आणि हे रोप कोणतं माहीत आहे? लिनन ज्याच्या खोडापासून निघतं तेच! एकाच झाडाच्या खोडातून कापड आणि बीमधून तेल. युरोपातले विणकर त्याचं खोड विणत राहिले. आपले विणकर कापूस विणत राहिले आणि त्याचं बी खात राहिले.

या तेलाची खरी करामत त्याच्या घडणीत आहे. जवसाच्या तेलातला निम्म्याहून जास्त भाग एका विशिष्ट स्निग्धाम्लाचा असतो, आजच्या भाषेत ओमेगा-3. हे आम्ल हवेतल्या प्राणवायूला फार लवकर भुलतं. पातळ थर देऊन उघडं ठेवलं तर तेल हवेतला प्राणवायू ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि काही दिवसांत त्याचा टणक पापुद्रा तयार होतो. वाळताना तेलाचं वजन चक्क वाढतं! पंधराव्या शतकात यान व्हान आयकसारख्या चित्रकारांनी याच तेलात रंग कालवले, म्हणून त्यांची चित्रं अजून ओली वाटावीत इतकी झळकतात. एकोणिसाव्या शतकात याच वाळलेल्या तेलापासून लिनोलियम नावाची फरशी निघाली. आणि याच तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून दिला, तर आतल्या आत तापत तो आपोआप पेटूही शकतो. रेम्ब्राँच्या कॅनव्हासवर आणि कोष्ट्याच्या कढईत एकच द्रव! फरक वेळेचा. चित्रकाराला ते वाळायला हवं असतं, स्वयंपाकिणीला वाळायच्या, खवट व्हायच्या आत संपवायचं असतं. म्हणून हे तेल घाणीवरून ताजं, थोडं थोडं आणायची पद्धत होती.

खसखशीकडे वळू. एका ग्रॅममध्ये साधारण तीन हजार दाणे. पाण्यात भिजवून पाट्यावर वाटलं की त्यातलं तेल (आणि ते जवळजवळ निम्मं असतं) बारीक थेंबांच्या रूपात पाण्यात विखुरतं आणि प्रथिनं त्या थेंबांना धरून ठेवतात. रश्शाला दाटपणा येतो तो असा. पीठ न लावता. पण खसखस येते कुठून? अफूच्या बोंडातून. भारतात अफूची शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात, तीही केंद्र सरकारच्या परवान्यानेच होते. बोंडाच्या सालीला चिरा दिल्या की चीक येतो, ती अफू. तिचा काटेकोर हिशेब ठेवला जातो. आत खुळखुळणाऱ्या दाण्यांत मात्र तो चीक नसतो, म्हणून ते मुकाट्याने किराणा दुकानात येतात. एकाच बोंडाच्या भिंतीबाहेर मॉर्फीन आणि भिंतीच्या आत मटणाचा मसाला. सगळ्या देशांना हा भेद पटत नाही. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखस नेणं गुन्हा आहे. दुबईतल्या भाच्यासाठी बॅगेत सावजी मसाला भरणाऱ्या मावशींनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता सावजी मसाल्यातला माझा सगळ्यात लाडका घटक, दगडफूल. डब्यात बघा, जळक्या कागदाचे तुकडे वाटतात. वास घ्या, जवळजवळ नाहीच. पण गरम तेलात पडलं की काही क्षणांत धुराचा, ओल्या मातीचा, जंगलाचा वास घरभर. सावजी रश्शाचा तो काळपट, खोल स्वाद कशामुळे म्हणून विचाराल तर बरंचसं श्रेय याला.

हे आहे तरी काय? वनस्पती म्हणावी तर मूळ नाही, खोड नाही, बी नाही. शतकानुशतकं लोकांनी याला एक जीव मानलं. मग 1867 मध्ये, म्हणजे नागपूरला मुंबईहून रेल्वे पोचली त्याच वर्षी, सायमन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने जाहीर केलं की हा एक जीव नव्हेच, हे दोन जीवांचं बिऱ्हाड आहे! एक बुरशी आणि तिच्या पोटात राहणारी शेवाळं. शेवाळ उन्हातून साखर बनवतं, बुरशी घर आणि ओलावा देते. दगडफुलांचा अभ्यास करणारी मोठमोठी मंडळी संतापली. ज्यावर आयुष्य घालवलं तो जीव मुळात जीवच नाही म्हणजे काय! विल्यम नीलांडर तर या कल्पनेचा कडवा विरोधक. पण याच नीलांडरने 1866 मध्ये पॅरिसच्या बागांत हिंडताना एक भारी गोष्ट टिपली होती. शहराच्या धुरकट भागात दगडफुलं नाहीशी होतात, स्वच्छ हवेतच टिकतात. मूळ नसल्याने सगळं काही हवेतून आणि पावसातून शोषायचं, मग हवा विषारी असेल तर ते विषच शोषलं जाणार. आपल्या रश्शात पडणारं दगडफूल हिमालयातल्या नाहीतर सह्याद्रीतल्या कुठल्याशा झाडाच्या सालीवर, वर्षाला काही मिलिमीटर अशा गतीने वाढलेलं असतं.

गोष्ट इथे संपली असं दीडशे वर्षं वाटत होतं. 2016 मध्ये कळलं की अनेक दगडफुलांत तिसरा भाडेकरूही आहे, एक यीस्ट, इतका काळ कुणाच्याच नजरेस न आलेलं. चिमूटभर मसाल्यात एवढी गर्दी!

इतकं सगळं झाल्यावर मिरची येते. ताटातली ती सगळ्यात नवी पाहुणी, अमेरिका खंडातून निघून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून उतरलेली. आणि येऊन तिने असं बस्तान बसवलं की नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला आज भौगोलिक मानांकन आहे.

तिखट लागतं म्हणजे नेमकं काय होतं? गोड, खारट, आंबट, कडू या चवींत तिखट बसतच नाही. आपल्या तोंडातल्या, खरं तर सगळ्या अंगातल्या, काही चेतातंतूंवर उष्णता ओळखणारी एक कडी असते. तापमान साधारण 43 अंशांच्या वर गेलं की ती उघडते आणि मेंदूला निरोप जातो, भाजतंय! मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं त्याच कडीत जाऊन अडकतं आणि ती उघडते. रस्सा कोमट असला तरी मेंदूला खबर आगीचीच. डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 मध्ये ही कडी शोधली आणि 2021 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आता मे महिन्यातलं नागपूर आठवा. पारा 45 च्या पुढे, डांबर मऊ झालेलं. तुमच्या कातडीला नागपूरचं ऊन आणि तुमच्या जिभेला नागपूरचा रस्सा कळतो तो एकाच यंत्रणेतून! मेंदू दोन्हीला उत्तरही एकच देतो, घाम गाळ. भर उन्हाळ्यात तर्री ओरपणारा नागपूरकर वेडा वाटतो खरा, पण त्याच्या कपाळावरचा घाम सुकताना त्याला गारच करत असतो.

पक्ष्यांना मात्र यातलं काही कळत नाही. त्यांच्या शरीरातली ही कडी कॅप्सेसिनला दादच देत नाही. पोपट मिरची गाजरासारखी खातो, दूर जाऊन बिया टाकतो, त्या रुजतात. उंदीर-घुशी बिया चावून नासवतात, म्हणून त्यांना हाकलायला झाडाने हा दाह तयार केला. सस्तन प्राण्यांना दूर ठेवण्यासाठी केलेला एवढा खटाटोप, आणि एक सस्तन प्राणी ‘थोडी अजून टाका’ म्हणत वाटी पुढे करतो.

तर्री हा शब्द आलाच आहे, तर तिच्याकडे नीट बघा. रश्शावर तरंगणारा तो लालभडक तेलाचा थर. मिरचीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. कॅप्सेसिनही तसंच. म्हणजे मिरची परतताना रंग आणि दाह दोन्ही तेलात उतरतात आणि तेल हलकं म्हणून वर येतं. वाटीतल्या तिखटाचा मोठा वाटा असा वरच्या थरात जमा असतो. नागपूरकर ‘तर्री जास्त’ किंवा ‘तर्री कमी’ म्हणतो तेव्हा तो अगदी शास्त्रशुद्ध मागणी करत असतो. तोंड पोळल्यावर घटाघटा पाणी पिण्यात अर्थ नाही तो याच कारणाने. पाणी त्या तेलकट रेणूला हलवू शकत नाही. दूध-ताकातलं केसीन हे प्रथिन मात्र त्याला पकडून घेऊन जातं. नवख्यांनी सकाळच्या तर्री पोह्यांपासून सुरुवात करावी. पोह्यांवर काळ्या हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओततात, पण खाली पोह्यांचा कापूस असतो सांभाळून घ्यायला.

मांसाहार न करणाऱ्यांनी उदास व्हायचं कारण नाही. पाटवडीचा रस्सा आहे, डाळकांदा आहे. आणि सावजीच्या बाहेरचं नागपूरही आहे. वडाभात, गोळाभात आणि ती सांबारवडी. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर. जुडीच्या जुड्या बारीक चिरून, खसखस-खोबऱ्याबरोबर परतून, बेसनाच्या पुडात गुंडाळून तळलेली. बरोबर ताकाची कढी.

कोथिंबिरीसाठी आपल्याला पुन्हा एकदा पायलॉसला जावं लागतं. त्या लढाईच्या जवळजवळ आठशे वर्षं आधी तिथे एक राजवाडा होता. त्याच्या कारकुनांनी ओल्या मातीच्या पाट्यांवर कोठाराचे हिशेब लिहिले. या पाट्या भाजायच्या नसत, कच्च्याच ठेवायच्या आणि काम झालं की मोडून पुन्हा वापरायच्या. मग राजवाड्याला आग लागली. सगळं जळालं, पण त्याच आगीत पाट्या मात्र विटांसारख्या पक्क्या झाल्या! घर बुडालं आणि वही वाचली. 1952 मध्ये व्यवसायाने वास्तुविशारद असलेल्या मायकेल व्हेंट्रिसने ती लिपी उलगडली आणि समोर आलं ग्रीक भाषेचं सर्वांत जुनं लेखन. महाकाव्य नव्हे, किराणा. अत्तर उकळणाऱ्या एका कारागिराला दिलेल्या सामानाची यादी तिथे सापडते, आणि त्या यादीत आहेत धने.

आता शेवटचा नग, पण बघण्यासारखा तोच जास्त. मटका रोटी, म्हणजेच लांब रोटी.

चुलीवर उलटं ठेवलेलं मातीचं मडकं. बाजूला बसलेली बाई परातीतल्या सैल, जवळजवळ वाहत्या कणकेचा गोळा उचलते, आपटते, पुन्हा उचलते. मग लाटणं नाही, पोळपाट नाही, दोन्ही हातांवर तो गोळा झुलवत राहते. कणीक खाली ओघळते, पसरते, कोपरापर्यंत येते, पलीकडचं दिसेल इतकी पातळ होते, पण फाटत नाही. एका झोक्यात ती मडक्यावर जाते. ग्रीसमध्ये फिलोचे पापुद्रे इतके पातळ करतात, पण त्यासाठी टेबल लागतं आणि लांबलचक काठीसारखं लाटणं. इथे हवेतल्या हवेत!

फाटत कशी नाही? कोरड्या गव्हाच्या पिठात दोन प्रथिनं सुटी पडलेली असतात, ग्लुटेनिन आणि ग्लायडिन. पाणी मिळालं आणि मळणं सुरू झालं की ती एकमेकांत गुंततात. ताणा आणि बाणा म्हणा ना. ग्लुटेनिन ओढलं की परत खेचतं, ग्लायडिन ओढलं की सैल सुटत जातं. नुसतं पहिलं असतं तर रोटी रबरासारखी आखडली असती, नुसतं दुसरं असतं तर ओघळून चुलीत गेली असती. दोन्ही मिळून ताणलं जाणारं कापड तयार होतं, आणि ती बाई जे सारखं आपटत असते ते विणणंच असतं. मीठ घातल्याने ही वीण आणखी घट्ट होते. बोलोन्याच्या याकोपो बेकारी यांनी अठराव्या शतकात कणीक पाण्याखाली धुवून बघितली. सगळा स्टार्च वाहून गेला आणि हातात एक चिवट, चिकट गोळा उरला. गव्हातून निघालेला हा पदार्थ त्यांना वनस्पतीपेक्षा प्राण्याच्या अंगातला जास्त वाटला.

ज्वारीत ही जोडी नसते. म्हणून भाकरी झुलवता येत नाही, थापावी लागते. तिचं पीठ गरम पाण्यात का भिजवतात? वीण नाही, तर निदान स्टार्च फुगवून चिकटपणा आणायचा. आपल्या आज्यांनी प्रथिनांचं नाव न ऐकता दोन धान्यांचे दोन वेगळे कायदे पाळले. लांब रोटीला बहुधा लोकवन गहू लागतो, आणि हा गहू प्राचीन वगैरे काही नाही. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तो विसाव्या शतकात तयार झाला. ‘पारंपरिक’ ताटात कोण कधी येऊन बसेल सांगता येत नाही.

आणि मडकंच का, लोखंडी तवा का नाही? लोखंड उष्णता भसाभस देतं, इतकी पातळ रोटी त्यावर क्षणात करपेल. माती उष्णता धरून ठेवते आणि सावकाश सोडते. शिवाय मडक्याच्या घुमटावर पडलेली कणीक सगळ्या बाजूंनी स्वतःच्या वजनाने खाली ओढली जाते, त्यामुळे सुरकुती राहत नाही. बघता बघता फोड येतात, कडा सुटतात आणि रोटी रुमालासारखी घडी घालून तुमच्या पानात येते.

ती लगेच खायची. इतक्या पातळ रोटीतलं पाणी मिनिटांत उडतं, मग ती पापडासारखी मोडते आणि रस्सा धरायच्या कामाची राहत नाही. तेव्हा दुसरी हवी असेल तर पहिली अर्धी झाल्यावरच सांगून ठेवा. चुलीपुढे रांग असते, आणि एका मडक्यावर एका वेळी एकच रोटी होते.